टेटनीला मराठीत काय म्हणायचं? ('धनुर्वात' सोडून)

मजकूरवाली :
थायरॉइडची ग्रंथी काढलेल्या पेशंटला घरी सोडताना हातात ठेवतात त्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. एका वाक्यापाशी अडलेय. आशय असा : शस्त्रक्रियेनंतर रक्तातलं कॅल्शियम उतरलं तर टेटनी (स्नायू आपोआप आखडणं) होऊ शकते, लक्षणं दिसली तर ताबडतोब या. जुन्या मराठी पत्रकात तिथे चक्क 'धनुर्वात' छापलंय. ते वाचून एका बाईंच्या यजमानांनी त्यांना गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन टीटीचं, म्हणजे धनुर्वाताच्या लसीचं, इंजेक्शन टोचून आणलं आणि निवांत झाले. बोटं वळायची ती वळतच होती.
'पेटके' लिहिलं तर लोक म्हणणार, ते तर रोजचेच. 'आकडी' लिहिलं तर फेफरं वाटणार. तुमच्याकडे काय म्हणतात?

संत्रानगरी :
आमच्याकडे 'गोळा आला' नाहीतर 'वांब आला'. आजी रात्री ओरडायची, "अवो, पायाले वांब आला, अंगठा वढा!" आणि आजोबा झोपेतच अंगठा ओढायचे. पेटका हा शब्द मला पुस्तकातच भेटला.

चाफेकळी :
वांब 'आला'? आमच्या वाईकडे वांब 'येते'. 'पोटरीत वांब आली.' पुल्लिंगी आजच ऐकला.

भूलवाला :
आधी चीज काय आहे ते बघा, मग बारसं करा. थायरॉइडच्या मागच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार परावटू ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. थायरॉइड काढताना त्यांना धक्का लागला किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला की पुढच्या एक-दोन-तीन दिवसांत कॅल्शियम घसरतं. एरवी ते १०० मिलीलीटर रक्तद्रवात ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. खाली गेलं की नसा उतावळ्या होतात, मेंदूचा हुकूम नसताना आपणच स्नायूंना संदेश सोडतात. सुरुवात ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येण्यापासून. मग हात वळतो : मनगट वाकलेलं, बोटं सरळ पण एकमेकांना चिकटलेली, अंगठा तळव्यात शिरलेला. जुन्या फ्रेंच डॉक्टरांनी याला सुईणीचा हात म्हटलंय. दंडाला बीपीचा पट्टा बांधून तीन मिनिटं फुगवून ठेवला की लपलेली टेटनी अशीच बाहेर येते, ती ट्रूसो या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाची खूण. फार वाढलं तर घसा आवळतो, श्वास अडतो. म्हणून 'ताबडतोब'.
धनुर्वात जंतूच्या विषाने होतो. त्याचा कॅल्शियमशी संबंध नाही. टीटीचा इथे शून्य उपयोग.

अनुस्वार :
डॉक्टरांनी वर्णन उत्तम केलं, पण नाव शेवटी परक्यांचंच. 'टेटनी' हा शब्द मुळात लुसियाँ कॉर्व्हिसार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८५२ साली घडवला, ग्रीक 'टेटॅनस'वरून. टेटॅनस म्हणजे ताणलेलं, ताठलेलं. त्या ग्रीक धातूचा सख्खा भाऊ आपल्याकडे आहे : संस्कृत 'तन्'. त्यातून तान, तंतू, आपला ताण आणि ताणणे. आणि आयुर्वेदात रोगच आहे, 'अपतानक'. त्यांनी एक शब्द घडवला, आपण एक घडवू. 'अपतानिका' म्हणा. सावरकरांनी महापौर आणि दिनांक दिले तेव्हाही लोक हसले होते. आज कुणी हसतं का?

मजकूरवाली :
अपतानिका वाचून पेशंट ताबडतोब येईल की कोश उघडेल?

अनुस्वार :
टेटनी वाचून तरी काय करणार आहे?

पुनर्नवा :
अपतानकाला हात लावू नका, तो ग्रंथात जिथे आहे तिथेच बरा. अपतानक, धनुःस्तंभ, अंतरायाम, बाह्यायाम हे एका कुळातले. सुश्रुताच्या निदानस्थानात धनुष्यासारखं वाकणारं शरीर येतं, त्यावरूनच धनुर्वात. म्हणजे अपतानिका म्हणालात की फिरून त्याच टीटीच्या इंजेक्शनापाशी.
जवळचा शब्द हवा असेल तर चरकातली 'खल्ली' बघा, चिकित्सास्थानाचा अठ्ठाविसावा अध्याय. पाय, पोटऱ्या, मांड्या आणि मनगट यांना पिळवटणारा वात. मनगट आलंय, हे लक्षात घ्या! नुसत्या पोटरीच्या पेटक्याला वेगळा शब्द आहे, पिंडिकोद्वेष्टन. वाताच्या ऐंशी विकारांत तो मोजलाय.

संत्रानगरी :
पिंडिकोद्वेष्टन! रात्री अडीच वाजता हे ओरडेपर्यंत गोळा उतरून जाईल.

भूलवाला :
खल्ली म्हणजेच टेटनी असं म्हणू नका हं, पुनर्नवाताई. तेव्हा रक्तातलं कॅल्शियम कुणी मोजत नव्हतं. खल्लीत कॉलऱ्याचे गोळे येतील, उन्हातले पेटके येतील, टेटनीही येईल. जुन्या शब्दांनी दिसण्यावरून नाव दिलं, आपण कारणावरून देतो. एकास एक जोडी लागणार नाही.

पुनर्नवा :
मी 'जवळचा' म्हटलंय, 'तोच' नाही. आणि दिसण्यावरून नाव देण्यात कमीपणा कसला? तुमचा सुईणीचा हात कशावरून आला?

कृष्णाकाठ :
राम राम. आमच्याकडं ह्या कॅल्शियमचं घराघरात माहिती आहे, माणसांचं न्हवं, गाईचं. व्यायली की दोन-तीन दिवसांत गाय 'बसती'. मान वळवून कुशीवर ठेवती, कान गार पडत्यात, उठवून उठत न्हाई. जर्सीला जास्त. डॉक्टर येतो, मानंच्या शिरंतनं कॅल्शियमची ४५० मिलीची बाटली हळूहळू सोडतो आणि बाटली संपतीय न संपतीय तवर गाय शेण टाकून उभी. घाईनं सोडली तर काळीज बंद पडतं, म्हणून बाटली धरायला शहाणा माणूस लागतो. ह्याला आम्ही 'कॅल्शियम कमी पडलं' म्हणतो. दुसरा शब्द कशाला पायजे?

चाफेकळी :
पुस्तकात याला दुग्धज्वर म्हणतात ना?

कृष्णाकाठ :
म्हणू द्या. ज्वर कुठला त्यात? गाय गार पडती म्हणून तर हात लावला की कळतं.

अनुस्वार :
बघा! इंग्रजी 'मिल्क फिव्हर'चा शब्दाला शब्द. इंग्रजीतलं नाव चुकीचं, म्हणून मराठीतलंही चुकीचं. याला मी भाषांतर म्हणत नाही, हमाली म्हणतो.

मजकूरवाली :
इथे हमाली करणारी मीच आहे, अनुस्वारकाका. दर शब्दाला पैसे मिळतात, तेही वेळेवर नाही.

शेपूटवाली :
पण गाईला तर झटके येत नाहीत, ती लुळी पडते. मग टेटनी कशी? आमच्या पॉमेरियनला पिल्लं झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात भयंकर थरथर सुटली, चारी पाय ताठ, जीभ बाहेर, अंग भाजल्यासारखं. पशुवैद्यांनी तिलाही कॅल्शियमच दिलं. आजार एकच आणि एक लुळी, एक ताठ?

भूलवाला :
चांगला प्रश्न. नसेकडून स्नायूला निरोप पोचवायलाही कॅल्शियम लागतं. गाईत ते कमी पडलं की निरोपच पोचत नाही, म्हणून ती लुळी. कुत्रीत निरोप पोचत राहतो आणि नस मात्र उतावळी झालेली असते, म्हणून झटके. माणूस या बाबतीत कुत्र्याच्या बाजूला.
जाता जाता : परावटू ग्रंथी पहिल्यांदा नोंदवल्या गेल्या त्या एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेला तो गेंडा रिचर्ड ओवेन यांनी १८५०च्या सुमाराला फाडला. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन स्वीडनच्या इव्हार सांडस्ट्रॉम यांनी १८८० साली छापलं. त्या काळात थायरॉइड काढलेले पेशंट हात वळून तडफडायचे आणि कारण कुणालाच कळायचं नाही. कॅल्शियम दिलं की हे थांबतं, हे पक्कं व्हायला १९०९ उजाडलं.

मालवणी_खाजा :
हात वळण्यावरून आठवलं. आमच्या गावात एका मुलीचं लग्न ठरलं आणि साखरपुड्याच्या दिवशी तिने जोरजोरात श्वास घ्यायला सुरुवात केली. डोळे फिरलेले, बोटं अशीच चोचीसारखी वळलेली. सगळे म्हणाले, अंगात आलं, वारं आलं. गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला. अर्ध्या तासाने बोटं आपोआप सुटली. नारळ कुणाच्या खात्यावर मांडायचा?

भूलवाला :
ही टेटनीच, पण एकूण कॅल्शियम ठीक असताना येणारी. भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड फार बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मोकळं फिरणारं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून बसतं. मुलगी थकली, श्वास मंदावला, बोटं सुटली. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय मात्र करू नका. दम लागायचं कारण दुसरंच निघालं तर जीवावर बेतेल.

अनुस्वार :
'अल्कधर्मी'! डॉक्टरसाहेब, तुम्ही आमच्यातलेच निघालात.

भूलवाला :
अकरावीचं पुस्तक, मास्तर. त्याला इलाज नव्हता.

पुनर्नवा :
'वारं आलं' यात वात आहेच की. गावाने निदान बरोबर केलं होतं.

मालवणी_खाजा :
मग नारळ योग्यच म्हणायचा.

पळपुटा :
मॅरेथॉनवाल्यांकडून दोन शब्द. बत्तिसाव्या किलोमीटरनंतर आम्ही सगळे 'क्रॅम्प आला' म्हणतो. पेटके, वांब, गोळे काही नाही. मीठ-साखर-लिंबू पितो, केळं खातो, आणि तरी येतोच. मग हा क्षारांचा खेळ की नाही?

भूलवाला :
घाम खूप गेला आणि वरून नुसतं पाणी प्यायलात तर मीठ उतरू शकतं. पण बऱ्याच पळणाऱ्यांचं रक्त तपासलं तर क्षार व्यवस्थित असतात, स्नायू दमलेला असतो. रात्री झोपेत पोटरीत येतो त्यातही बहुतेकदा रक्त ठीकच. ताणून धरा, सुटतो. संत्रानगरीच्या आजोबांचा उपाय शास्त्रशुद्ध आहे.
मॅग्नेशियमचं वेगळं सांगायला हवं. ते फार उतरलं तर परावटू ग्रंथी कामच करेनात, मग कॅल्शियम कितीही ओता, टिकत नाही. आधी मॅग्नेशियम भरावं लागतं. रोज दारू पिणाऱ्यांत आणि जुनाट जुलाबात हे दिसतं.

चाफेकळी :
जुलाबावरून : पटकीत पायात गोळे यायचे. तर 'पटकी' आणि 'पेटका' एकाच घरचे असतील का?

अनुस्वार :
छे. पटकी म्हणजे पटकन नेणारी. पेटका 'पेट घेणे'मधला, स्नायू पेटतो म्हणून.

संत्रानगरी :
गोळा आल्यावर पेटल्यासारखं कुणाला वाटतं हो? दगड होतो पायाचा. मला तर पेटका 'पेटी'मधला वाटतो, आत काहीतरी कोंबल्यासारखं.

अनुस्वार :
आधार?

संत्रानगरी :
तुमच्या 'पटकन नेणारी'ला जेवढा आहे तेवढाच.

मजकूरवाली :
मंडळी, पत्रक! मी आत्तापुरतं असं लिहिलंय, कान पकडा : "ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या, हाताची बोटं आपोआप वळून आखडू लागली, तर रक्तातलं कॅल्शियम कमी झालं असण्याची शक्यता आहे. याला टेटनी म्हणतात. हा धनुर्वात नव्हे. वाट न पाहता रुग्णालयात या."

भूलवाला :
छान. फक्त 'वाट न पाहता'च्या पुढे 'रात्र असली तरी' टाका. लोक सकाळची वाट बघतात.

कृष्णाकाठ :
ब्येस. आमच्या गाईला पण लागू पडंल.

अनुस्वार :
याला भाषांतर म्हणत नाहीत, टाळाटाळ म्हणतात. नाव द्यायची वेळ आली की वर्णन करायचं. आणि टेटनी की टेटॅनी? एक ठरवा. वाक्यात 'शक्यता आहे' हेही इंग्रजी वळण. 'कमी झालं असेल' पुरे.

मजकूरवाली :
'कमी झालं असेल' घेतलं. आभार. नाव घेत नाही.

पुनर्नवा :
खल्ली एकदा कंसात टाकून तर बघा.

मजकूरवाली :
पेशंट हल्ली-खल्ली काहीतरी वाचेल, ताई. राहू दे.

संत्रानगरी :
ते झालं. पण वांब स्त्रीलिंगी कशी काय असू शकते? पेटका तो, गोळा तो, झटका तो.

चाफेकळी :
आकडी ती, उसण ती, चमक ती, लचक ती. मोजून घ्या, बहुमत आमचं.

मालवणी_खाजा :
उसण आणि चमक एकच का हो? आमच्याकडे उसण कमरेत भरते, चमक कुठेही येते. आणि पायाळू माणसाने लाथ मारली की उसण जाते म्हणतात ते फक्त कोकणात, की घाटावरही?

कृष्णाकाठ :
घाटावर बी. आमच्या वाड्यात हाय एक पायाळू, रांग लागती.