अमेरिकन फुटबॉलमधला कॉलेजचा क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये टिकेल का, हे आधी कसे ओळखावे?

प्रश्न :
१९९८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या प्रक्रियेत, पेटन मॅनिंग पहिला आणि रायन लीफ दुसरा निवडला गेला. मॅनिंगने दोन सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकले, तर लीफची कारकीर्द काही वर्षांतच आटोपली. टॉम ब्रेडी २००० साली तब्बल १९९वा निवडला गेला होता. प्रत्येक सामन्याचे चित्रीकरण हाताशी असूनही संघांचे अंदाज इतके का चुकतात? जाणकार नेमके काय पाहतात, ते कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
मी पूर्ण झालेल्या पासच्या टक्केवारीआधी दबावाखालचा खेळ पाहतो. कॉलेजात अनेक संघ रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) मैदानभर पसरवून खेळतात, प्रशिक्षक बाहेरून खुणा करतात, पहिलाच रिसीव्हर मोकळा सापडतो आणि चेंडू झटकन हातातून सुटतो. त्यामुळे ७० टक्के पास पूर्ण झाले तरी त्या मुलाला समोरचा बचाव वाचता येतो, असे सिद्ध होत नाही. तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) आठ-दहा यार्ड हवे असताना पहिला रिसीव्हर झाकला गेला, तर त्याची नजर आणि पावले एकदमच दुसऱ्याकडे वळतात का, की नजर अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूंवर खिळते, हे चित्रीकरण थांबवून थांबवून पाहावे. चेंडू वेळेत न सोडता सॅक (चेंडू हातात असतानाच पाडले जाणे) ओढवून घेण्याची खोड पुढेही सहसा सुटत नाही.

प्रतिसाद २ :
हे पटते, परंतु निवडणाऱ्या संघाचाही विचार व्हायला हवा. वायोमिंग विद्यापीठात जोश ॲलनचे जेमतेम ५६ टक्के पास पूर्ण होत होते; एनएफएलमधल्या बफेलो संघाने त्याला २०१८मध्ये सातव्या क्रमांकावर घेतले, धीर धरला, स्टेफॉन डिग्ससारखा रिसीव्हर आणून दिला, आणि २०२०मध्ये हेच प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा निवडला गेलेला सॅम डार्नोल्ड न्यू यॉर्क जेट्सकडे कोमेजला, पण २०२४मध्ये मिनेसोटाकडून त्याने १४ सामने जिंकले. पुढे सुपर बोल जिंकणाऱ्या पॅट्रिक माहोम्सलाही पहिले वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकायला मिळाले होते.

प्रतिसाद ३ :
ॲलन हा अपवाद आहे आणि त्याच्याकडे पाहून केवळ दणकट हाताच्या मुलांवर पहिल्या फेरीची निवड खर्च करणे मला धोक्याचे वाटते. माझ्या मते अनुभव अधिक बोलका असतो. मिचेल ट्रुबिस्की नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून सुरुवातीपासून फक्त १३ सामने खेळला होता, तरी शिकागोने २०१७मध्ये त्याला माहोम्सच्या आधी, दुसऱ्या क्रमांकावर घेतले. इतक्या थोड्या सामन्यांत कसलेले बचाव मोजकेच भेटतात. म्हणून एकाच हंगामाच्या खेळाडूबद्दल मत बनवताना आधी अशा कसलेल्या बचावांविरुद्धचेच सामने काढून पाहावेत.