घरी कायम ठेवण्यासाठी एकच जिन निवडायची झाल्यास तिला कोणते टॉनिक साजेल?

कोथरूडकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गेली दोन-अडीच वर्षे मी आणि माझी पत्नी शनिवारी संध्याकाळी गच्चीत बसून एकेक पेला जिन-टॉनिक घेतो. या काळात ग्रेटर दॅन, हपुसा, स्ट्रेंजर अँड सन्स, बॉम्बे सफायर आणि बीफईटर अशा पाच जिन आळीपाळीने घरात येत राहिल्या आणि आजही पाचांच्या अर्धवट बाटल्या कपाटात आहेत. आता एकच जिन कायमची ठरवावी, तिला शोभेल असे टॉनिक शोधावे आणि बाकीच्यांचा नाद सोडावा असे आम्हा दोघांनाही वाटते.

अडचण अशी आहे की बाटलीचे बूच उघडून वास घेतला तर पाचही जिन एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या कळतात, पण पेल्यात टॉनिक पडले की सगळ्या एकसारख्या लागतात. आधी गोड, मग किंचित कडवट आणि शेवटी लिंबू, एवढेच हाती लागते. आम्ही साठ मिली जिन घेतो, बर्फाचे तीन-चार खडे टाकतो, अर्धे लिंबू पिळतो आणि पेला काठोकाठ भरेपर्यंत टॉनिक ओततो. टॉनिकची मोठी बाटली कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो आणि ती दोन शनिवार पुरते.

दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा हीच बीफईटर आणि घरी आणतो त्याच छापाचे टॉनिक तिने दिले होते. तो पेला आजही आठवतो. गोडवा जवळजवळ नव्हता, जिनला तिची ओळख देणाऱ्या जुनिपर फळांचा पाइनच्या लाकडासारखा वास नाकात शिरत होता आणि टॉनिकची कडू चव जिभेच्या मुळाशी बराच वेळ रेंगाळत होती. तीच जिन आणि तेच टॉनिक असताना पुण्यात तसे का लागत नाही? जाणकारांनी मार्गदर्शन करावे. ‘लंडन ड्राय’ असे लिहिलेली जिनच घ्यावी, या सल्ल्यात किती तथ्य आहे, हेही कृपया सांगावे.

माहीमची खाडी

मी बारमागे उभे राहून बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे तुमच्या वर्णनातच मला उत्तर दिसते. तुम्ही पाच जिन बदलून पाहिल्या, पण टॉनिक एकदाही बदलले नाही. एकास तीन या मापाने पेला भरला तर त्यातला तीन चतुर्थांश भाग टॉनिकचा असतो, म्हणजे चवीचा मोठा वाटा तुम्ही न निवडलेल्या वस्तूकडे आहे. म्हणून आधी टॉनिक ठरवावे आणि मग त्यात कोणती जिन तग धरते ते पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

बाटलीच्या मागच्या लेबलावर दर शंभर मिलीमागे साखर किती, ते वाचा. आठ ग्रॅम असेल तर एकशेऐंशी मिली टॉनिकमधून चौदा ग्रॅमांहून अधिक, म्हणजे साधारण साडेतीन चमचे साखर पेल्यात जाते. एवढी साखर चहाच्या कपात कोणी घातली तर आपण कप परत पाठवू. त्यातून तुमची बाटली दोन शनिवार चालते. उघडलेल्या बाटलीतला वायू निघून गेला की त्याची जिभेला बसणारी चुणचुण जाते, आंबटपणाची धार जाते आणि मागे गोड, कडवट पाणी उरते. दुसऱ्या शनिवारचा पेला तुम्हाला पहिल्यापेक्षाही गोड लागत असणार. यापुढे दोनशे मिलीच्या लहान बाटल्या आणा. एका पेल्याला एक बाटली उघडायची आणि तळाशी उरले ते तसेच पिऊन टाकायचे किंवा सोडून द्यायचे.

थंडाव्याबद्दल मी थोडे अधिक लिहितो, कारण घरोघरी चूक तिथेच होते. कार्बन डायऑक्साइड शून्य अंशाच्या पाण्यात वीस अंशांच्या पाण्यापेक्षा जवळजवळ दुपटीने विरघळतो. कोमट टॉनिक बर्फावर ओतले की फेस उसळतो, तो पाहायला छान वाटतो, पण तो फेस म्हणजे पेल्यातून निघून चाललेली चव असते. टॉनिक आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये असावे आणि जिनची बाटली खुशाल फ्रीझरमध्ये ठेवावी, ती गोठत नाही. बर्फाचे तीन-चार खडे फार कमी आहेत. पेला बर्फाने गच्च भरावा. बर्फ कमी असला तर तो लवकर वितळतो आणि जास्त असला तर एकमेकांना थंड ठेवत टिकतो. टॉनिक पेल्याच्या कडेने हळूहळू सोडावे आणि लांब चमचा तळापर्यंत घालून एकदाच वर उचलावा, गरागरा ढवळू नये.

बर्फाचा वास घेऊन पाहा, हेही आवर्जून सांगतो. एका परिचितांकडे मला जिनमध्ये सतत काहीतरी मातकट लागत होते. शेवटी त्यांच्या फ्रीझरमधला बर्फाचा ट्रे नाकाशी धरला, तर त्याला शेजारच्या डब्यातल्या बोंबलांचा वास येत होता. ट्रे झाकणाचा घ्यावा, किंवा बर्फ वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावा.

थेम्सकाठी

तुमच्या बहिणीकडच्या पेल्याचे कोडे मला सोडवता येईल असे वाटते, कारण मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहते आणि दर वर्षी मुंबईला आल्यावर मलाही हाच फरक जाणवतो. ब्रिटनमध्ये एप्रिल 2018 पासून साखर घातलेल्या शीतपेयांवर कर लागू झाला. तेव्हा दर शंभर मिलीमागे पाच ग्रॅमांपासून तो आकारला जाऊ लागला, त्यामुळे अनेक कंपन्यांनी त्याच्या आसपास साखर कमी केली आणि काहींनी थोडा कृत्रिम गोडवा घालून ती उणीव भरून काढली. छाप तोच, बाटलीवरचे चित्रही तेच, पण आतले मिश्रण देशागणिक निराळे असू शकते. तेव्हा नाव पाहून टॉनिक घेऊ नका, लेबलावरचा आकडा पाहून घ्या.

‘लंडन ड्राय’ हे गावाचे नाव नसून पद्धतीचे नाव आहे. ही जिन गोव्यात बनू शकते आणि बनतेही. युरोपीय नियमांनुसार तिच्यातली सगळी चव ऊर्ध्वपातनाच्या वेळीच, नैसर्गिक वनस्पतींपासून यावी लागते. नंतर रंग किंवा सुगंध घालता येत नाही आणि साखर लिटरमागे 0.1 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. नावामुळे जिन चांगली ठरते असे नव्हे. पण ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली असेल आणि जुनिपर पुढे असेल याची बऱ्यापैकी खात्री मिळते. तुमच्या तक्रारीचे मूळ गोडव्यात असल्याने हा सल्ला तुमच्यापुरता योग्यच आहे.

तुमच्याकडच्या बीफईटरमध्ये जुनिपर आणि लिंबू-संत्र्याच्या साली ऊर्ध्वपातनाआधी मद्यात चोवीस तास भिजवतात, म्हणून ती टॉनिकपुढे दबत नाही. बॉम्बे सफायरची तऱ्हा वेगळी आहे. तिथे वनस्पती मद्यात बुडवत नाहीत, त्या जाळीच्या टोपलीत ठेवतात आणि मद्याची वाफ त्यांतून जाते. परिणामी जिन हलकी, फुलासारखी होते आणि गोड टॉनिक तिला पार झाकून टाकते. सफायर ठेवायची असेल तर एकास दोन एवढेच टॉनिक घाला. मात्र त्या पेल्यात मद्याचे प्रमाण चौदा टक्क्यांच्या घरात जाते, म्हणजे वाइनहून कमी नाही, हे लक्षात असू द्या.

पर्वरीहून

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु अर्ध्या लिंबाबद्दल कोणीच काही म्हटले नाही याचे आश्चर्य वाटते. माझ्या मते तुमच्या पाचही जिन एकसारख्या लागण्याचे ते निम्मे कारण आहे. टॉनिकमध्ये सायट्रिक आम्ल आधीच असते. त्यात अर्ध्या कागदी लिंबाचा रस पडला की पेल्यात आंबट-गोड सरबत तयार होते आणि कोणत्याही जिनचे त्यापुढे काही चालत नाही. जिनला रसापेक्षा सालीतले तेल अधिक हवे असते. आपल्या कागदी लिंबाची साल फार पातळ असल्याने तिची पट्टी नीट निघत नाही. त्याऐवजी हिरव्या मोसंबीची किंवा ईडलिंबाची दोन बोटे लांबीची साल, आतला पांढरा भाग टाळून, सुरीने काढा आणि पेल्यावर धरून पिळा. उजेडात पाहिलेत तर पृष्ठभागावर तेलाचे बारीक थेंब पसरलेले दिसतील. पहिला घोट घेण्यापूर्वी नाक तिथे न्या, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता गोव्याच्या जिनविषयी. ग्रेटर दॅन आणि हपुसा या दोन्ही एकाच कंपनीच्या असल्या तरी स्वभावाने पूर्ण वेगळ्या आहेत. 2017 मध्ये आलेली ग्रेटर दॅन ही सरळ लंडन ड्राय आहे. तिच्यात आले आणि गवती चहा आहे, पण तो मागे राहतो. कोणत्याही बऱ्या टॉनिकबरोबर ती जमते आणि किमतीलाही परवडते. पुढच्या वर्षी आलेल्या हपुसाचे नाव आयुर्वेदातल्या हपुषेवरून, म्हणजे जुनिपरवरूनच घेतले आहे. हिमालयातल्या त्या जुनिपरचा वास ओल्या मातीसारखा आणि गडद असतो, त्याच्या जोडीला हळद आणि वेलदोडाही आहे. माझा अनुभव असा की हपुसाला टॉनिक फारसे मानवत नाही. साधा सोडा, सालीची एक पट्टी आणि चिमटीभर मीठ एवढेच तिला पुरे होते. मीठ कडवटपणा दाबते, त्यामुळे मातीचा वास मोकळा होतो.

स्ट्रेंजर अँड सन्समध्ये काळी मिरी, जायफळ, जायपत्री आणि गोंधोराज लिंबाची साल आहे. मसाला शेवटच्या घोटापर्यंत टिकतो, म्हणून तिला साधे, कमी साखरेचे टॉनिक द्यावे. काकडी, गुलाब, आले असल्या चवींची टॉनिक या जिनबरोबर कटाक्षाने टाळा, कारण दोन मसाल्यांची भांडणे पेल्यात लागतात. कमी साखरेचे टॉनिक आता भारतीय कंपन्याही बनवतात. मुंबईच्या स्वामी कंपनीचे तसे टॉनिक पणजीत सहज मिळते, त्याअर्थी पुण्यातही मिळावे.

औषधनिर्माता

चवीबद्दल वर पुरेसे आले आहे. टॉनिकमधला कडवटपणा ज्या क्विनिनमुळे येतो, त्याबद्दल काही लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण एकदा टॉनिक निवडले की ते दर आठवड्याला घरात येणार आहे.

क्विनिन सिंकोना झाडाच्या सालीतून मिळते. पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी ते 1820 मध्ये वेगळे केले. हिवतापाच्या भीतीने इंग्रजांनी 1860 च्या दशकात दक्षिण अमेरिकेतून रोपे आणून निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात सिंकोनाची लागवड केली. टॉनिकच्या बाटलीवर आजही ‘इंडियन’ हा शब्द दिसतो, तो याच काळाची खूण आहे. पण आजच्या टॉनिकने हिवताप टळतो हा समज मनातून काढून टाकावा. अमेरिकेच्या नियमांत टॉनिकमध्ये लिटरला 83 मिलिग्रॅमपर्यंतच क्विनिन चालते, तर हिवतापाच्या उपचारात प्रौढ व्यक्तीला एका वेळेस सुमारे 600 मिलिग्रॅम क्विनिन सल्फेट दिले जात असे. म्हणजे एका मात्रेसाठी सात लिटरांहून जास्त टॉनिक प्यावे लागेल.

मात्रा अल्प असली तरी काही जणांना ती बाधते. क्विनिनमुळे ज्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट पूर्वी कधी घसरल्या असतील, त्यांनी टॉनिकचा एक घोटही घेऊ नये. पाहुण्यांना पेला देताना हे विचारण्यात संकोच बाळगू नका. दुसरे असे की साखरेचा आजार असलेल्यांना टॉनिक हे सोड्यासारखेच निरुपद्रवी पाणी वाटते, आणि तो गैरसमज मी दुकानात वारंवार ऐकतो.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितले तसे दोन शनिवार करून पाहिले आणि जे हाती आले ते लिहीत आहे.

दोनशे मिलीच्या बाटल्यांत तीन प्रकारचे टॉनिक आणले. आमचे नेहमीचे, एक कमी साखरेचे आणि एक परदेशी. जिनशिवाय, थंडगार, एकेक घोट घेऊन पाहिले आणि नेहमीचे टॉनिक तिथेच बाद झाले. दोन वर्षे आम्ही हे पीत होतो यावर पत्नीचा विश्वास बसेना. मग तिने पाच पेल्यांच्या तळाला कागदाचे क्रमांक चिकटवले, मी पाठ करून उभा असताना प्रत्येकात तीस मिली जिन आणि नव्वद मिली कमी साखरेचे टॉनिक घातले, लिंबू मुळीच नाही. पहिल्यांदाच पाचही पेले वेगळे लागले. पुढच्या शनिवारी मी ओतले आणि तिने चाखले.

दोघांनीही न ठरवता स्ट्रेंजर अँड सन्सचा पेला पुढे ओढला. मिरीची ऊब घशाशी येते आणि त्यानंतर टॉनिकचा कडूपणा येतो, हा क्रम आम्हाला फार आवडला. इंग्लंडमधल्या आठवणीच्या सर्वांत जवळ बीफईटरच गेली, परंतु आता तिची ओढ उरली नाही. हपुसा टॉनिकमध्ये खरोखरच हरवली. पर्वरीकरांच्या सांगण्याप्रमाणे तिच्यात सोडा आणि मीठ घातले तेव्हा पत्नीने तो पेला मला परत दिलाच नाही. त्यामुळे एकच बाटली ठेवण्याचा बेत बारगळला असून कपाटात आता दोन राहतील. मोसंबीची साल काढण्यासाठी धारदार लहान सुरी तेवढी आणायची आहे. बर्फाचा ट्रेही बदलला, कारण वास घेऊन पाहिल्यावर आमच्या बर्फालाही हिंगाचा वास येत होता.