मदतनिधीसाठी गाण्याचा कार्यक्रम: आधी काय पक्कं करावं?

प्रश्न: बँडच्या चाहत्यांनी मिळून पूरग्रस्तांसाठी कार्यक्रम ठरवलाय. तिकीटविक्री पुढच्या आठवड्यात सुरू करायची आहे. त्याआधी काय बघावं?

उत्तर 1: आधी मदत पोचवणाऱ्या संस्थेशी लेखी करार, मगच तिकिटं. 1 ऑगस्ट 1971 ला सतारवादक रविशंकर आणि ‘बीटल्स’ बँडमधले गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एकाच दिवशी दोन कार्यक्रम केले. तिकिटांचे सुमारे 2,43,000 डॉलर युनिसेफला मिळाले. पण करमाफीची व्यवस्था आधी केली नव्हती, म्हणून त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेचे पैसे अमेरिकेच्या करखात्याकडे वर्षानुवर्षं अडकून पडले. हेतू कितीही निर्मळ असो, कागद आधी लागतो!

उत्तर 2: जाहिरातीत ‘सगळं उत्पन्न’ की ‘खर्च वजा जाता उरलेलं’, ते स्पष्ट छापा. भांडणं इथेच होतात. सभागृह आणि साउंडसाठी वेगळा प्रायोजक मिळाला तर फार बरं.

उत्तर 3: दानपेट्या सीलबंद ठेवा, मोजणी दोघांनी मिळून करा आणि आकडा त्याच रात्री सह्यांनिशी लिहा. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा; छापण्याआधी छोटी रक्कम पाठवून नाव तपासा. मदतीचं आवाहन शेवटच्या गाण्याच्या आधी करा, नंतर सगळे दाराकडे वळलेले असतात.