परळची खोली रिपेअरला काढायचीय, भाडेकरूंचं अर्धं भाडं ट्रस्टकडून येतं, कसं सांगू?

परळकर_७७: परळला आईच्या नावावर वन आरके आहे, ओनरशिप. लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही) कोकणातलं एक कुटुंब राहतं, मुलाची ट्रीटमेंट टाटा कॅन्सर हॉस्पिटलात चालू आहे. अर्धं भाडं ते देतात, अर्ध्याचा पेशंटना मदत करणाऱ्या एका ट्रस्टचा चेक येतो. अ‍ॅग्रीमेंट मार्चमध्ये संपलं, रिन्यू करायचं राहिलं आणि तेव्हापासून महिना-महिना चाललंय. आता बाथरूमचं पाणी खालच्या काकांच्या देवघरात टपकतंय (काका रोज व्हिडिओ पाठवतात, मागे घंटीचा आवाज) आणि किचनच्या सिलिंगचा पोपडा पडून सळया दिसायला लागल्यात, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो दीड महिना लागेल, माणसं आत असताना जमणार नाही. महिन्याची नोटीस दिली की झालं का? ट्रस्टला पण द्यायची? आई म्हणते पोराचं होऊ दे आधी.

कोर्टाचा_पायरीवाला: अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर्ड आहे का ते आधी सांगा. भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 बघा, रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नसेल केलं तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच धरतात, उलटं तुम्ही सिद्ध करायचं. असेल तर मुदत संपलीय, कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (यासाठी नेमलेला सरकारी अधिकारी) ताबा मागता येतो, मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट फी पण मागता येते (तुम्ही मागणार नाही हे दिसतंय). पण मार्चनंतर पैसे घेत राहिलात ना, पावतीवर 'भाडं' लिहिलंय की 'लायसन्स फी'? 'भाडं' असेल तर ते भाडेकरूच आहेत म्हणत समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल. नोटीस कुटुंबाला द्या, ट्रस्टला कॉपी.

लालबागचा_शेजारी: पागडीवाल्या (कायद्याचं संरक्षण असलेले जुने भाडेकरू असलेल्या) मालकांनी हे वाचून उड्या मारू नका हां. तिकडे कलम 16, रिकामं केल्याशिवाय दुरुस्ती होणारच नाही हे कोर्टाला पटवावं लागतं आणि काम झाल्यावर भाडेकरूला परत यायचा हक्क असतो. आणि पाणी-लाइट बंद करायचं तर कुणीच मनात आणू नका, कलम 29.

सावंतवाडीकर: बाबांच्या केमोच्या वेळी आम्ही असेच राहिलोय म्हणून सांगतो, कायद्याचं नंतर. आधी मुलाच्या पुढच्या तारखा विचारा, केमोनंतरच्या आठवड्यात सामान हलवायला लावू नका. पेशंट म्हटलं की खोलीवाले नाही म्हणायचे, आणि आमच्या वेळी नवीन पत्त्याचं अ‍ॅग्रीमेंट दाखवल्याशिवाय ट्रस्टचा पुढचा चेक निघाला नव्हता. म्हणून जागा शोधायला मदत करा, डिपॉझिट चावी घेतानाच हातात द्या, नव्या जागेचं त्यातूनच भरायचं असतं. काम झाल्यावर परत घेणार असाल तर तसं आत्ताच कागदावर द्या.

परळकर_७७: रजिस्टर्ड आहे. पावत्या काढल्या तर पाचही महिने आईच्या अक्षरात 'भाडे मिळाले', वर हळदीकुंकवाचं बोट पण. वकिलाला दाखवतो. त्यांची पुढची तारीख मंगळवारी आहे, म्हणून आम्ही गुरुवारी बोलायला जाणार. तोवर कॉन्ट्रॅक्टरला किचनमध्ये टेकू लावायला सांगितलंय, काकांना एक बादली नेऊन दिली.