शिंपल्यासकट साक्ष : चिनी इतिहासातल्या उडत्या तबकड्या

कंदीलवाला (धागाकर्ता)

परवा घरच्या व्हॉट्सॲप गटावर मेहुण्यांनी एक व्हिडिओ टाकला. मथळा : ‘९५० वर्षांपूर्वी चीनमध्ये उडती तबकडी! साक्षीदार खुद्द शास्त्रज्ञ!’ एरवी अशा व्हिडिओला मी न बघताच अंगठा देतो. पण ह्यात नाव शेन क्वोचं होतं, आणि हा गृहस्थ माझा जुना आवडता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेन क्वो (१०३१–१०९५) हा सोंग राजवटीतला बडा अधिकारी, काही काळ राजाच्या खगोल खात्याचा प्रमुख. चुंबकाची सुई नेमकी दक्षिणेला न थांबता किंचित पूर्वेकडे कलते हे त्याने लिहून ठेवलं. बी शेंग नावाच्या कारागिराने भाजल्या मातीचे सुटे खिळे करून छपाई केली, हे आज आपल्याला कळतं तेही ह्याच्यामुळे. म्हणजे माणूस फेकणाऱ्यांतला नाही.

तर तो लिहितो की १०५६ ते १०६३ ह्या जियायू काळात यांगझोऊच्या भागात एक प्रचंड मोती दिसू लागला. बहुतेकदा आभाळ काळवंडलं की. आधी तियानचांगच्या दलदलीत, मग बिशे तळ्यात, मग शिनकाई तळ्यात. दहा वर्षांहून जास्त काळ येणाऱ्याजाणाऱ्यांनी तो पाहिला. शेनच्या एका मित्राची अभ्यासाची खोली तळ्याकाठी होती. एका रात्री मोती अगदी जवळ आला. आधी शिंपला जरासा उघडला, आतून सोन्याच्या तारेसारखा उजेड. मग एकदम पुरता उघडला : अर्ध्या चटईएवढा आकार, आत चांदीसारखा पांढरा प्रकाश, आणि मोती मुठीएवढा, नजर ठरेना असा. दहा लींवरच्या झाडांच्या सावल्या पडल्या (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर). दूरचं आभाळ वणवा लागल्यासारखं तांबडं. मग तो लाटांवरून उडाल्यागत निघून गेला.

व्हिडिओत हे सगळं होतं. फक्त ‘शिंपला’ नव्हता. त्या जागी ‘यान’ होतं.

माझं म्हणणं एवढंच, की साक्ष घ्यायची तर शिंपल्यासकट घ्या. शेन सांगतो ते प्रामाणिक आहे म्हणायचं आणि तो ज्याला शिंपला म्हणतो त्याला आपण ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा, हे चालणार नाही. शिवाय त्याने ही नोंद ग्रहताऱ्यांच्या प्रकरणात न घालता ‘अजब घटना’ ह्या प्रकरणात घातली. खगोल खातं सांभाळलेल्या माणसाने ती कुठे घालायची हे विचार करूनच ठरवलं असणार.

व्योमयात्री

धागा छान, पण निष्कर्ष घाईचा. अकराव्या शतकातल्या माणसाकडे शब्द कुठले असणार? दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या, मधून फट उघडते, आत झगझगीत दिवा. त्याला तो शिंपला म्हणणार नाही तर काय? माझ्या आजीने पहिल्यांदा हेलिकॉप्टर पाहिलं तेव्हा ‘मोठा भुंगा’ म्हणाली होती. म्हणून काय तो भुंगा होता?

आणि पाच किलोमीटरवरच्या झाडांच्या सावल्या पाडणारा शिंपला दाखवा, मी आजच मासळीबाजारात जातो.

शंकासुर

दलदल, तळं, ढगाळ हवा. तिन्ही गोष्टी लेखकानेच दिल्यात. दलदलीतला वायू पेटतो, लोक त्याला भूत म्हणतात, चिनी लोकांनी मोती म्हटलं. कोकणात ह्यालाच चकवा म्हणतात. विषय संपला.

व्योमयात्री

@शंकासुर, दलदलीच्या वायूची ज्योत फिकट, मिणमिणती असते. ती दहा ली उजळवते? तुम्हीही शेनच्या साक्षीतलं सोयीचं तेवढं उचललंत : दलदल ठेवली, सावल्या टाकून दिल्या. कंदीलवाल्यांचा नियम तुम्हालाही लागू व्हायला हवा.

कंदीलवाला

हे मात्र मान्य. शंकासुरभाऊ, सोयीचं उत्तर झालं. (आणि चकवा म्हणजे वाट चुकवणारा. दिव्यांचं भूत वेगळं.) पण व्योमयात्री, भुंग्याचा दाखला तुमच्याच अंगाशी येतो. आजीचा भुंगा हेलिकॉप्टर होता हे तुम्हाला कळलं, कारण हेलिकॉप्टर तुम्ही वेगळं पाहिलं होतं. इथे दुसरी बाजू कुठाय? आणि तारे ओलांडून आलेलं यान दहा वर्षं एकाच जिल्ह्यातल्या तीन तळ्यांत घुटमळतं, तेही आभाळ भरून आल्यावर?

चिनी_माती

चाकणला एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत दुभाषी आहे, त्यामुळे मूळ मजकूर वाचता येतो. एक गंमत सांगते. शिंपला उघडतो त्या जागी शेनने ‘फांग’ हा शब्द वापरलाय. त्याचा रोजचा अर्थ खोली, घर. शिंपल्याच्या पोकळीलाही तोच. इंग्रजी भाषांतरांत त्याचं ‘दार’ झालं, आणि एकदा दार आलं की मागून यान आलंच. तबकडीसाठी आजच्या चिनीत ‘फेइ-द्ये’ म्हणतात, शब्दशः उडती बशी. म्हणजे तोही शब्द इंग्रजीवरूनच बेतलेला.

आता ह्याहून मजेदार प्रकरण. वू यौरू हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सचित्र वृत्तपत्रांतून नावाजलेला चित्रकार. त्याचं एक चित्र आहे, नानजिंगच्या झूच्वे पुलावर शेकडो माणसं टाचा उंचावून आभाळात पाहताहेत. वर त्यानेच मजकूर लिहिलाय : रात्री आठच्या सुमारास अंड्याच्या आकाराचा तांबडा गोळा, हळूहळू पूर्वेकडे सरकणारा. चित्रात गोळा नाहीच, फक्त बघणारे!

आणि त्या गर्दीत आपल्यासारखीच चर्चा चाललीये. एक म्हणतो उल्का. पण उल्का क्षणात जाते, हा तर भात शिजेपर्यंत दिसला. दुसरा म्हणतो पोरांनी सोडलेला आकाशदिवा. पण वारा उत्तरेकडे वाहतोय आणि गोळा पूर्वेकडे चाललाय. एक म्हातारा म्हणतो, दक्षिण दरवाज्याबाहेरून वर चढताना बारीक आवाज आला होता. परग्रह कुणालाच सुचला नाही.

व्योमयात्री

सुचणार कसा? पण बघा, चिनी लोकांनी उल्का आणि आकाशदिवा दोन्ही शक्यता स्वतःच तपासून बाद केल्या. आणखी काय पुरावा हवा?

चिनी_माती

दोन शक्यता बाद झाल्या, एवढंच. तिसरी आपोआप सिद्ध कशी झाली? शहराच्या वर वाऱ्याची दिशा खालच्यापेक्षा वेगळी असू शकते. संक्रांतीला पतंग उडवलेल्या कुणालाही विचारा. मी आकाशदिवाच म्हणतेय असंही नाही.

अर्धा_वेळ_खगोलशास्त्री

थोडं विषयांतर, पण गरजेचं. ‘त्यांच्याकडे शब्द नव्हते’ हे चिन्यांबद्दल म्हणू नये. आकाशात काही नवं दिसलं की त्याची वर्गवारी करून तारखेसह नोंद करणं ही तिथे सरकारी नोकरी होती. मावांगद्वेच्या थडग्यात रेशमावर काढलेली २९ धूमकेतूंची चित्रं मिळाली, प्रत्येकाच्या शेपटीचा प्रकार निराळा. ते थडगं इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेलं. अचानक उगवणाऱ्या ताऱ्याला ते ‘पाहुणा तारा’ म्हणत. ४ जुलै १०५४ चा पाहुणा तारा २३ दिवस भरदिवसा दिसला, रात्री तर एप्रिल १०५६ पर्यंत. आज तिथे आपण खेकडा तेजोमेघ बघतो. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी ह्याच स्फोटाची नोंद भारतीय ग्रंथांत मिळते का, ते शोधलं. ठोस काही हाती लागलं नाही. चिनी कारकुनांचं मोल त्यावरून कळतं.

आता तारखा बघा. पाहुणा तारा मावळला १०५६ ला, मोती दिसू लागला त्याच सुमारास. म्हणजे लोकांचे डोळे आभाळाकडे लागलेलेच होते. (हा माझा अंदाज, शेनवर ढकलू नये.)

व्योमयात्री

बरं, मोती सोडा. सानशिंगद्वेचं काय? सिचुआनमध्ये तीन हजार वर्षांपूर्वीचे कांस्य मुखवटे, डोळ्यांतून नळ्या बाहेर आलेल्या, कान पंख्यासारखे. चीनमध्ये दुसरीकडे कुठेच असलं काही नाही. लिपी नाही, राजांची नावं नाहीत. अचानक आले, अचानक गेले. हे माणसाचे चेहरे वाटतात तुम्हाला?

ओतारी_कोल्हापूर

इथे मात्र राहवलं नाही. उद्यमनगरात फाउंड्री आहे, तिसरी पिढी. सानशिंगद्वेच्या मोठ्या मुखवट्याची रुंदी १.३८ मीटर, बुबुळं १६ सेंटिमीटर पुढे आलेली. उभा पुतळा बैठकीसकट २.६२ मीटर, वजन सुमारे १८० किलो, आतून पोकळ. झाड ३.९६ मीटर. फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला एलियन नाही आठवले, आमचे अण्णा आठवले. एवढा पोकळ जॉब (ओतीव वस्तू) म्हणजे आत कोअर, पोकळी राखणारा मातीचा गाभा, आला. कोअर एक सूत सरकला की एका बाजूला भिंत जाड, दुसरीकडे भोक, आणि सगळा माल परत भट्टीत. त्यांनी मातीचे तुकड्यातुकड्यांचे साचे केले, भाग वेगवेगळे ओतले आणि नंतर ओतूनच जोडले. जोड दिसतात. तारे ओलांडून येणाऱ्यांना वेल्डिंग येत नव्हतं काय हो?

धातूही तिथलाच : तांबं, कथील, शिसं. ते शिसं उत्तर चीनमधल्या आन्यांगच्या शांग राजांच्या भांड्यांतल्या शिशाशी जुळतं, आणि खड्ड्यांत शांग घाटाची भांडीही निघालीत. ‘दुसरीकडे कुठेच नाही’ हे मुखवट्यांपुरतं खरं, कामाच्या पद्धतीपुरतं नाही.

लिपी नाही म्हणून एलियन? आपल्या दायमाबादला १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा, रेडा असे चार कांस्य जॉब निघाले, सगळे मिळून ६० किलोच्या वर. त्यांवरही कुणाचं नाव नाही. तिथे का कुणी यान उतरवलं नाही? गेंडा गेंड्यासारखा दिसतो म्हणून? वेरूळच्या कैलासाचंही हेच चाललंय. व्हिडिओवाले म्हणतात, एवढा डोंगर माणसाला कोरता येईल का. बाबांनो, एकदा छिन्नी धरून बघा, मग बोला.

चिनी_माती

ओतारीदादा, मुजरा. डोळ्यांबद्दल जोड देते. चौथ्या शतकात चांग छू ह्याने शू देशाची, म्हणजे ह्याच सिचुआनची, बखर लिहिली. तीत पहिला राजा त्सान-त्सोंग, आणि त्याच्याबद्दल लिहिलंय की त्याचे डोळे ‘झोंग’ होते. अर्थ उभे की पुढे आलेले ह्यावर पंडित भांडतात. मुखवटे सापडले १९८६ ला, म्हणजे बखर त्यावरून रचलेली नाही. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की तो पूर्वज-राजाचाच मुखवटा असावा. हे सिद्ध झालेलं नाही, पण निदान त्याच मातीतलं आहे. आणि ‘अचानक गेले’ म्हणाल तर वस्तू मुद्दाम मोडून, जाळून खड्ड्यात ठेवलेल्या आहेत. का, हा प्रश्न मला कुठल्याही तबकडीहून जास्त छळतो.

गंमतराव

आणि ड्रोपा दगड? ७१६ तबकड्या, मधे भोक, १९३८ ला गुहेत सापडल्या, वर एलियनची कहाणी कोरलेली!

चिनी_माती

त्या वाचणाऱ्या ‘प्राध्यापका’चं नाव सांगतात त्सुम उम नुई. हे चिनी नावच नाही. एकही दगड कुठल्या संग्रहालयात नाही. मधे भोक असलेल्या जेडच्या चकत्या, ‘बी’, चीनमध्ये पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांतही मिळतात. त्या खऱ्या आहेत आणि त्यांवर कहाणी नाही. पुढचा.

व्योमयात्री

ठीक, ड्रोपा मी कधीच मानत नव्हतो. ओतारींचा मुद्दाही घेतला, मुखवटे माणसांनी ओतले. पण माझा मूळ प्रश्न कुणी सोडवला नाही. चौथ्या शतकातला वांग जिया लिहितो की दंतकथेतल्या राजा याओच्या काळी पश्चिम समुद्रावर एक प्रचंड तराफा तरंगत असे. त्यावर उजेड, रात्री लखलखणारा, दिवसा विझणारा. चारी समुद्रांना फेरी घालून बारा वर्षांनी परत. त्याचं नावच ‘चंद्र भेदणारा तराफा’. मग तळ्यावरचा मोती. मग नानजिंगचा गोळा. दीड हजार वर्षं एकच देश उजेडाच्या फिरत्या वस्तू बघतोय. सगळे खोटं बोलत होते?

कंदीलवाला

खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण ही एकच वस्तू आहे ही माळ तुम्ही ओवलीत. तराफा, शिंपला, अंडं. १९४७ ला अमेरिकेत केनेथ अर्नोल्ड ह्या वैमानिकाने सांगितलं की आभाळातल्या वस्तू पाण्यावर भिरकावलेल्या बशीसारख्या टप्पे घेत गेल्या. तो चालीबद्दल बोलत होता. वृत्तपत्रांनी बशीचा आकार करून टाकला. त्यानंतर जगभर बशा दिसू लागल्या, आणि नंतर शेनचा शिंपलाही दोन बशा एकमेकींवर ठेवल्यासारखा दिसायला लागला. अर्नोल्डने भोवरा म्हटलं असतं तर आज वू यौरूचं अंडं पहिल्या नंबरावर असतं.

बारा वर्षांची फेरी म्हणाल तर गुरूलाही राशिचक्र फिरायला जवळपास बारा वर्षं लागतात, आणि चिनी पंचांगातलं बारा वर्षांचं चक्र त्याच्याशी जोडलेलं आहे. तराफ्यात तो असेल किंवा नसेल.

व्योमयात्री

‘असेल किंवा नसेल’. म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.

कंदीलवाला

नाही. मोती काय होता हे मला खरंच माहीत नाही. कवी सू शी (सू तुंगपो) १०७१ मध्ये यांगत्से नदीतल्या जिनशान बेटावरच्या मठात उतरला होता. चंद्र मावळल्यावर प्रवाहाच्या मधोमध मशालीसारखी ज्वाळा उठली, डोंगर उजळला, झोपलेली पाखरं दचकली. त्याने कवितेत लिहिलं की हे भूत नाही, माणूस नाही, मग आहे तरी काय? आणि शेजारी टीप जोडली : ‘त्या रात्री हे असंच दिसलं.’ पुढे तो गावच्या आठवणीकडे वळतो.

शंकासुर

एवढं सगळं वाचून मी माझा दलदलीचा वायू मागे घेतो. पण एलियनही देणार नाही.

व्योमयात्री

चालेल. मोती पुढे दिसायचा थांबला का, ते सांगा.

चिनी_माती

थांबला. शेन लिहितो, अलीकडच्या वर्षांत तो निघत नाही, कुठे गेला कळत नाही. मोत्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर फानलियांग नावाचं गाव होतं. तिथे प्रवासी नाव बांधून कित्येक रात्री मुक्काम ठोकत, आज तरी दिसेल म्हणून. तिथल्या मंडपाला त्यांनी नाव दिलं ‘वान-झू’. ‘वान’ म्हणजे खेळणं, किंवा हातात घेऊन न्याहाळणं. ‘झू’ म्हणजे मोती.