माग: विणायचा आणि काढायचा

शंका: 'हातमाग'मधला माग आणि 'चोराचा माग काढणे' यातला माग, हे एकच का? धोटा (आडवा धागा नेणारी नळी) ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, त्याच वाटेनं जा-ये करतो, म्हणून 'मार्ग'वरून 'माग', असं सोलापूरच्या पूर्व भागात काही जण सांगतात.

— कल्पना छान, पण ही लोकव्युत्पत्ती, म्हणजे लोकांनी मागाहून जुळवलेली उपपत्ती दिसते. काढायचा माग 'मार्ग'वरून आला यात वाद नाही: मार्ग, मग्ग, माग. प्राकृतातलं जोडाक्षर सुटलं की मराठीत आधीचा स्वर लांबतो. सप्त, सत्त, सात किंवा अग्नि, अग्गि, आग तसंच. 'मार्ग'चं नातं 'मृग'शी, आणि मृग म्हणजे मुळात हरीणच नव्हे, रानातलं कुठलंही जनावर. त्याच्या पाऊलखुणांची वाट तो मार्ग. मराठीनं 'माग'मध्ये हा जुना अर्थ धरून ठेवला आणि रस्त्यासाठी 'मार्ग' संस्कृतातून पुन्हा आणला. 'मागणे'ही याच घरातलं: संस्कृत 'मार्ग्' म्हणजे शोधणे.

विणायच्या मागासाठी मात्र अक्कलकोटच्या दिशेनं, कन्नड-तेलुगू मुलखाकडे बघा. कन्नडमध्ये 'मग्ग', तेलुगूत 'मग्गम'. हातमाग म्हणजे कन्नड 'कैमग्ग', आणि खड्ड्यात पाय सोडून चालवायचा माग म्हणजे तेलुगू 'गुंट मग्गम'. उत्तरेला हा शब्द नाही. हिंदीत करघा (फारसी 'कारगाह', कामाची जागा), गुजरातीत साळ, संस्कृतात वेमन्. माझा कौल दक्षिणेला.

— पण तमिळमध्ये मागाला 'तरी' म्हणतात, मल्याळममध्येही तेच. मग 'मग्ग' द्राविडी कसा?

— सगळ्या बहिणींकडे एकच दागिना असावा असं थोडंच आहे! मराठीला खेटून असलेल्या दोन भाषांत तो आहे, हेच महत्त्वाचं. 'मग्ग' मराठीत आल्यावर त्याचाही 'माग' झाला. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द एकाच साच्यात पडले, म्हणून हा घोळ.

— व्युत्पत्ती राहू द्या, लिहिताना होणारी चूक सांगतो. 'मागाचा' आणि 'मागचा' यांत एका कान्याचा फरक. 'मागाचा पट्टा बदला' म्हणजे यंत्रमागाचा. 'मागचा पट्टा बदला' म्हणजे पाठीमागचा. चिठ्ठीत कान्याची चूक झाली की भलताच पट्टा येतो. 'मागास तेल द्या' हे व्याकरणानं बरोबर, पण वाचणारा हसेल, 'मागाला' लिहावं. अनेकवचन 'माग'च राहतं: एक माग, दहा माग, दहा मागांवर. 'हातमाग', 'यंत्रमाग', 'यंत्रमागधारक' जोडूनच लिहायचे. आणि 'तो मागावर आहे' या वाक्यात तो चादर विणतोय की कुणाच्या पाळतीवर आहे, ते पुढचं वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

— ब्लाऊजवरचं 'मग्गम वर्क' मागावर विणतात का?

— नाही. तिथं मग्गम म्हणजे लाकडी चौकट. कापड चारी बाजूंनी ताणून बांधायचं आणि आरीच्या सुईनं जरी, मणी, टिकल्या भरायच्या. ताणाबाणा नाही, धोटा नाही, फणीही नाही. कापड सैल राहिलं तर टाके ओढले जातात आणि चौकटीवरून काढल्यावर नक्षीभोवती चुण्या पडतात. हे भरतकाम आहे. मराठीत त्याला 'मागकाम' म्हणू नये.