पैदाशीचा घोडा आणि त्याची शिंगरे

पैदाशीचा घोडा निवडताना त्याची उंची, कानांची कमान आणि चाल पाहावी, असे काहीजण सांगतात आणि ते योग्यच आहे. मात्र सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी बांधलेले घोडे पाहताना मला अधिक महत्त्वाची वाटते ती त्यांची संतती. एखादे देखणे शिंगरू कोणीही पुढे आणतो, आणि त्याचे निम्मे श्रेय आईचे असते. म्हणून निरनिराळ्या माद्यांपासून झालेली चार-पाच शिंगरे एकत्र पाहायला मागावीत आणि पायांची ठेवण, गुडघे व खूर सगळ्यांत सारखे उतरले आहेत का, हे टणक जमिनीवर चालवून तपासावे, कारण वाळूत दोष झाकला जातो. रंगावर तर अजिबात जाऊ नये. नुकरा रंगाचा घोडा जन्मतःच पांढरा आणि कातडीने गुलाबी असतो, तर सब्जा रंगाचा घोडा काळसर किंवा तांबूस जन्मून वर्षागणिक उजळत जातो. घोडी सुमारे 11 महिने गाभण राहते, तेव्हा यंदाच्या यात्रेत ठरवलेल्या जोडीचे फळ पुढच्या यात्रेच्या आसपासच दिसेल, तोवर मालकाने दाखवलेल्या वंशावळीच्या कागदापेक्षा शिंगरांच्या आया प्रत्यक्ष पाहून घेतलेल्या बऱ्या.